टपाल कचेरीच्या आभाळातली आई

रविवारी चार वाजायच्या आतच वखारीबाहेर चपलांचा ढीग पडायचा. परत जाताना ज्याला जी सापडेल ती पायात अडकवून तो निघायचा. एका पायात काळी आणि एका पायात तपकिरी चप्पल घातलेला माणूस रस्त्यात दिसला, की समजावं, हा आईचं दर्शन घेऊन आला.

वखार बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आत आता लाकडाच्या भुशाऐवजी अत्तराचा वास होता. पूर्वी जिथे ओंडके रचलेले असत, तिथे आता माणसं रचलेली असत. गुडघे धरून बसलेल्या बाया, नोकरी गेलेले बाप्ये, पाठीला पट्टे बांधलेले म्हातारे. सगळ्यांची तोंडं समोरच्या भिंतीकडे. भिंतीवर दाराएवढ्या फळीवर काढलेलं एक चित्र टांगलेलं होतं. त्यात शहरातली जुनी टपाल कचेरी होती. दगडी कमानी, मधोमध घुमट, घुमटाखाली घड्याळ, आणि वर फिकट निळं, मोकळंच मोकळं आभाळ. कचेरीसमोर पूर्वी तळं होतं. ते बुजवून बसस्थानक झालं त्यालाही जमाना लोटला. चित्रात त्या तळ्याच्या जागी पिवळा रेशमी पडदा लावला होता.

चित्रापासून आठ हातांवर जमिनीवर खडूची रेघ. रेघेपलीकडे फक्त अत्तरबाबा.

"बाळांनो!" बाबांनी सुरुवात केली. आवाज असा, की लोण्याने लाजावं. "ही भिंत नाही, ही खिडकी आहे. हे चित्र कोणी काढलं? कोणीच नाही! याला माणसाचा हात लागलेला नाही. दोनशे वर्षांपूर्वी हे आपोआप उमटलं!"

टपाल कचेरी दीडशे वर्षांची आणि तिचं चित्र दोनशे वर्षांचं. पण वखारीत कोणी वजाबाकी करायला आलं नव्हतं.

बाबांनी चांदीच्या गडूत मऊ कुंचा बुडवला आणि आभाळावर हळूहळू फिरवला. आधी काहीच दिसलं नाही. मग घुमटाच्या वर, आभाळात, काहीतरी गडद होत गेलं. केस आले. कपाळ आलं. हसरा चेहरा आला, खांदा आला, आणि एक हात वर आला, त्याचं एक बोट उभं.

"आई! थोरली आई!" बायांनी हंबरडा फोडला.

"बोट बघा, बाळांनो, बोट! एक बोट वर! आई काय सांगते? 'एक दुःख मला द्या.' एकच! दोन देऊ नका, हावरेपणा बरा नाही. आणि बोटाचं टोक काळं का? जगातलं विष तिने आधी स्वतः चाखून पाहिलं, म्हणून!"

पाव तासात चेहरा विरत गेला आणि आभाळ पुन्हा कोरं झालं. लोक डोळे पुसत 'आईच्या पाण्या'ची बाटली घ्यायला रांगेत उभे राहिले.

दाराशी खांबाला टेकून पेंटर उभा होता. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची हयात गेली होती. आता पाट्या यंत्रावर छापून येत. त्यामुळे त्याला फार कोणी बोलवत नसे, आणि त्यालाही फार कुठे जावंसं वाटत नसे. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला सगळ्याचाच शीण आला होता. लोकांचा, वादांचा, खुद्द रंगांचासुद्धा. आज तो आला होता ते थोरल्या बहिणीला घरी न्यायला. ताई दोन महिने दर रविवारी इथे येत होती, आणि मागच्या आठवड्यात घरी परतताना नालीत पाय जाऊन पडली होती.

पण आता तो ताईला शोधायचं विसरला. कमानी मोजत होता. सात. खऱ्या टपाल कचेरीला आठ कमानी आहेत. आठवी त्याच्याकडून राहून गेली होती, आणि अडतीस वर्षांत कोणाच्या लक्षात आली नव्हती.

चित्र त्याचं होतं. त्या बोटावरचं विषही त्याच्या चांगलंच ओळखीचं होतं. ते दंतमंजन होतं. आणि आभाळातली आई आता रांगेत चौथ्या नंबरवर उभी होती, दोन्ही हात पुढे करून, अंदाजाने पावलं टाकत.

"अहो, हे चित्र मी काढलंय," त्याच्या तोंडून निघून गेलं.

शेजारचा माणूस वळला. "काय म्हणालात?"

"मी काढलंय हे. बँकेसाठी. माझं आहे."

"असं का! आणि चंद्र कोणी रंगवला, तुमच्या काकांनी?"

दोघेचौघे हसले. एकाने दंडाला धरलं, दुसऱ्याने पाठीला हात लावला, आणि पेंटर कसा कोण जाणे चपलांच्या ढिगापाशी बाहेर येऊन पोचला. मागोमाग ताई आली, बाटली छातीशी धरून.

"माझी लाज घालवलीस चारचौघांत," एवढंच ती म्हणाली. घरापर्यंत मग एक शब्द नाही. पेंटरही बोलला नाही, कारण बोलायला गेलं तर अडतीस वर्षं मागे जावं लागलं असतं.

अडतीस वर्षांपूर्वी दंतमंजनाच्या एका कारखान्याचा माणूस त्याच्याकडे आला होता. चौकात लावायला मोठी पाटी हवी होती. हसरी बाई, बोटावर काळं मंजन, खाली ठळक अक्षरं. पाटीसाठी बसायला बाई कुठून आणायची? ताई तेव्हा एकतीसची. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. शिवणाच्या मशीनवर तिने धाकट्या भावाला वाढवलं, ब्रश घेऊन दिले, धंद्याला लावलं. दुपारचं काम बाजूला ठेवून ती तीन दिवस खिडकीपाशी स्टुलावर बसली, बोट वर करून. "दात दाखवत बसणं म्हणजे खायचं काम नाही रे धाकट्या," म्हणायची, "गाल दुखायला लागले." तिच्या पुढच्या दातावर शेजारचा दात थोडा चढलेला होता. कारखान्याचा माणूस म्हणाला, "एवढा दात सरळ करा." पेंटर म्हणाला, "नाही करणार. आमच्या ताईचा दात आहे तो."

पाटी तयार झाली आणि कारखानाच बुडाला. पाटी पडून राहिली. मग एका बँकेला नव्या शाखेसाठी टपाल कचेरीचं चित्र हवं होतं, आठ दिवसांत. हाताशी एवढी मोठी फळी दुसरी नव्हती. पेंटरने पाटी आडवी केली नाही, उभीच ठेवली, आणि ताईच्या पदरावर टपाल कचेरी उभी केली. कचेरी चांगल्या तेलरंगात. आभाळाला आणि तळ्याला पांढरा रंग पुरेना, तेव्हा खडूच्या पुडीत सरस आणि चिमूटभर नीळ कालवून ते फासलं. ताईच्या चेहऱ्यावरून आभाळ फिरवताना त्याचा हात अडखळला होता. पण तरुण होता, कामाची घाई होती.

"माझी पाटी कुठे लागली रे?" ताईने विचारलं.

"परगावी," तो म्हणाला. "बाजाराच्या तोंडाशीच."

बस्स, एवढंच खोटं. पण ताई ते किती वर्षं पुरवून पुरवून वापरत होती! कपडे शिवायला येणाऱ्या बायांना सांगायची, "परगावी माझं चित्र लागलंय हो, भर चौकात." एकदा तर बघायला निघाली होती. तेव्हा त्याने सांगितलं, पाटी उतरवली म्हणे.

सोमवारी सकाळी त्याने ताईचा फळीवरचा औषधांचा डबा उघडला. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या सीलबंद होत्या. ताईला काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून थेंब रोज घालायचे, जन्मभर. हे डॉक्टरीणबाईंनी तिला आणि त्याला दहादा सांगितलं होतं.

"थेंब कधीपासून बंद केलेस?"

"जळजळतात ते. बाबांनी सांगितलं, आईचं पाणी घाल. त्याने थंड वाटतं. बरं वाटतं मला." एवढं बोलून ताई स्वयंपाकघरात जायला वळली आणि दाराच्या चौकटीवर उजवा खांदा आपटला. तिने चौकटीलाच दटावलं, "मधे मधे येते मेली!"

चष्म्याचा नंबर तपासायचा म्हणून त्याने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले, ताईला बाहेर बाकावर बसवलं आणि खुर्चीत मागे रेलल्या. त्याही दमलेल्याच दिसत होत्या.

"काका, दाब दुप्पट झालाय. उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली, आता फक्त समोरचं थोडं दिसतं त्यांना. गेलेलं परत येत नाही. या आजारात तसं होतच नाही. डावा अजून वाचवता येईल. पण थेंब आजपासून हवेत."

"ती ऐकत नाही."

"माझंही कोणी ऐकत नाही. त्या वखारीतून आलेला या महिन्यातला हा सातवा पेशंट. मी समजावते, ते माना डोलावतात आणि रविवारी पुन्हा तिथे जातात." त्यांनी तपासणीचा दिवा बंद केला. "मी बोलून बोलून थकले, काका. लोकांनी तिथे काहीतरी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्यापुढे माझे शब्द काय टिकणार? पाहिलेल्याला पाहिलेलंच उत्तर पाहिजे."

पेंटर घरी गेला नाही. ताईला रिक्षात बसवून दिलं आणि रंगाच्या दुकानात गेला. दुकानदार जुना स्नेही.

"अत्तराच्या आड तिथे आणखी एक वास येतो," पेंटर म्हणाला. "सगळा जन्म नाकात घेतलाय मी तो. टर्पेंटाइन. तुझ्याकडून नेतात का रे?"

"वखारीवाले? नेतात की! दर शनिवारी एक डबा. म्हणतात, दार रंगवायचंय." दुकानदाराने डोकं खाजवलं. "दोन महिने झाले, रंगवतच आहेत. दार आहे का किल्ला, देव जाणे. रंगाचा डबा मात्र एकही नेला नाही."

आता पेंटरच्या मनात शंका उरली नव्हती. बँक दुसरीकडे गेली तेव्हा सामान भंगारात निघालं असणार. चित्र कुठूनतरी बाबांच्या हाती पडलं. त्यांनी ते टर्पेंटाइनने पुसायला घेतलं, आणि पुसता पुसता आभाळातून ताई हसली. तळ्यावरून फडकं फिरवलं तेव्हा आणखी काय दिसलं असेल, तेही पेंटरला माहीत होतं. पिवळा पडदा उगाच लावला नव्हता.

माहीत होतं सगळं. पण ते चारचौघांत सांगायचं म्हणजे ताईलाही सांगायचं. पुढचे तीन दिवस पेंटर नुसता बसून राहिला. कशाला पडायचं या फंदात, असं मन म्हणे. लोकांना फसायचंच असेल तर आपण कोण आडवे येणारे? एक बाबा गेला तर दुसरा येईल. पाट्या रंगवणाऱ्याने जगाला रंगवायला जाऊ नये. गुरुवारी ताईने चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. कप फुटला. ताई खाली बसून जमीन चाचपत तुकडे वेचू लागली आणि म्हणाली, "रविवारी बाबांना सांगते, पाणी जरा जास्त द्या."

पेंटर उठला. माळ्यावरून प्लायवुडचा एक तुकडा काढला आणि त्यावर तेलरंगाने घरातली किटली काढली. ती वाळल्यावर वरून खडू आणि सरस फासला. शनिवारपर्यंत तुकडा पांढराफटक, कोरा.

रविवारी दर्शनाच्या आधी बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले, "कोणाला आईचा अनुभव सांगायचाय, बाळांनो?"

एका बाईची हरवलेली बांगडी सापडली होती. एका गृहस्थाचा ढेकर थांबला होता. मग मागून पेंटर उठला, काखेत कागदात गुंडाळलेला तुकडा, हातात पिशवी. ताई बायांच्या रांगेत बसली होती. भावाचा आवाज ऐकून ती ताठ झाली.

"बाबा, मलाही अनुभव आला. माझ्याही घरी उमटलंय."

"वा! या, पुढे या! पाहा बाळांनो, आई घरोघरी जाऊ लागली!"

पेंटर रेघेपाशी आला. कोरी फळी उचलून सगळ्यांना दाखवली. पिशवीतून साधी बाटली काढली, कुंचा बुडवला आणि फळीवरून फिरवला. कोऱ्या पांढऱ्यातून तोटी आली, पोट आलं, मूठ आली, झाकण आलं.

वखारीत सुस्कारा उठला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने हात जोडले. "आईची किटली!" मागून एकजण ओरडला, आणि पाहता पाहता तीनचार माणसं पेंटरच्या पायांशी वाकली.

"अहो, पाया काय पडता! उठा, उठा!" पेंटरचा आवाज त्याच्याही नकळत चढला. "किटली आहे ती! आमच्या घरातली, चहाची! मी गुरुवारी काढली आणि वरून खडू फासला. ही टर्पेंटाइन आहे, कोपऱ्यावरच्या दुकानातली. वास घ्या! तुम्ही घ्या. तुम्ही पण घ्या."

बाटली हातोहात फिरली. एक गवंडी मागच्या रांगेत बसला होता. त्याने नाक लावलं आणि मोठ्याने म्हणाला, "टर्पेंटाइनच आहे."

"तुम्ही सांगा यांना," पेंटर त्याला म्हणाला. "भिंतीला चुना मारता तेव्हा काय होतं?"

"काय व्हायचंय? ओला असतो तोवर खालची भिंत दिसत राहते. गिऱ्हाईक ओरडतं, पाणी मारलं म्हणून. वाळला की मग पांढरा पडतो."

"तेच! तेच आहे हे, दुसरं काही नाही. खडू कोरडा असतो तेव्हा त्याच्या कणाकणांत हवा असते, म्हणून पांढरा दिसतो, खालचं झाकतो. ओला केला की हवा जाते आणि खालचं दिसायला लागतं. तेलाचा थेंब पडलेल्या कागदातून पलीकडची अक्षरं दिसतात ना, तसंच. टर्पेंटाइन उडून गेली की पुन्हा कोरं. पाणी मारलं असतं तर सरस सुटून रंग निघाला असता, म्हणून पाणी नाही. बाबांच्या गडूत आत्ता काय आहे, तेही एकदा हुंगून बघा."

बाबांनी गडू शेल्याखाली घेतला. चेहऱ्यावरचं लोणी मात्र ढळलं नव्हतं. "बाळांनो, पाहिलंत? आईची बरोबरी किटलीशी! यात या बिचाऱ्याचा दोष नाही. ज्याचं मन रिकामं, त्याला किटलीच दिसणार!"

लोक हसले, आणि हसणं बाबांच्या बाजूचं होतं. मघाशी पाया पडलेले आता पेंटरकडे रागाने बघू लागले. त्याला एकदम फार दमल्यासारखं झालं. वाटलं, फळी उचलावी आणि जावं.

तेवढ्यात बायांच्या रांगेतून ताई उठली.

"बाबा, हा माझा धाकटा भाऊ," ती म्हणाली. "आठवडाभर घरात तोंड पाडून बसलाय. चित्र मी काढलं म्हणतो. त्याचं तोंड कायमचं बंद करा. आज तो पडदा काढा. मागे आईचे पाय आहेत म्हणता ना, ते दिसू द्या सगळ्यांना."

"वेळ आलेली नाही, माई."

"कधी येणार? माझ्या डोळ्यांत आता फार वेळ उरलेला नाही." ताईच्या आवाजात संशय नव्हता. पुरती श्रद्धा होती, आणि म्हणूनच तिला थांबवणं कठीण होतं. ती चालायला लागली. खडूची रेघ तिला दिसलीच नाही. बाबांचा एक सेवक पुढे झाला, पण अडखळत येणाऱ्या म्हातारीला ढकलावं कसं? तो तिला सावरायला गेला. ताईने चाचपत भिंत गाठली, हाताला रेशीम लागलं, आणि तिने ते ओढलं.

पडद्यामागे तळं होतं. कोरं, फिकट निळं.

"बघा!" बाबा म्हणाले. पण आवाज जरा वर चढला होता. "पाणी आहे. निर्मळ पाणी!"

पेंटरने बाटली उचलली आणि उरलेली सगळी टर्पेंटाइन तळ्यावर फेकली. निळ्यातून काळं वर येऊ लागलं. वळणदार, ठसठशीत, त्याच्या ऐन उमेदीतल्या हाताची अक्षरं. गवंड्याने एकेक शब्द लावत मोठ्याने वाचलं.

"काळं... सुगंधी... दंतमंजन. रोज... सकाळी... चोळा."

मग कोपऱ्यात एक बाई फिसकन हसली. तिला हसू आवरेना. ते दुसरीला लागलं, मग तिसरीला. ढेकर थांबलेल्या गृहस्थांना हसता हसता ढेकर आला. "आई काय म्हणते?" कोणीतरी ओरडलं. "चूळ भरा म्हणते!"

"ही परीक्षा आहे, बाळांनो! आई तुमची परीक्षा..." बाबा म्हणत होते. पण वाक्य कोणी पुरं ऐकलं नाही, आणि थोड्या वेळाने पाहिलं तर मागचं दार उघडं होतं. गडू तेवढा तिथेच राहिला. गवंड्याने तो हुंगला आणि पुढच्याच्या हातात दिला.

सगळेच हसले नाहीत. बांगडी सापडलेली बाई ओच्यात तोंड लपवून रडत होती. पेंटरने हे पाहिलं, आणि जिंकल्यासारखं त्याला काही वाटलं नाही.

"हसू नका कोणाला," तो म्हणाला. "माझी बहीण काही मूर्ख नाही. तुम्हीही नाही. दुखणाऱ्या माणसाला कुठेतरी टेकायला हवं असतं, आणि हे त्याला माहीत होतं, एवढंच. मी शिकलेला नाही, भाषण मला येत नाही. पण कोणी रेघेच्या अलीकडे थांबा म्हणालं, की विचारा, पलीकडे काय आहे. पडदा असला तर विचारा, मागे काय आहे. रागावला, तर समजा काहीतरी आहे. आणि डोळ्यात काय घालायचं ते डोळ्यांच्या डॉक्टरला विचारा. चित्राला नको. चित्रं मी काढतो. त्यांना काही कळत नाही."

ताई अजून भिंतीपाशीच उभी होती. तळ्यावर फेकलेल्या टर्पेंटाइनचे शिंतोडे पार वरपर्यंत उडाले होते आणि आभाळात अर्धा चेहरा उमटला होता. पेंटरने बाबांचाच कुंचा उचलला, त्यांच्याच गडूत बुडवला आणि उरलेला चेहरा ओला केला. दोन महिन्यांत ताई चित्राच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच आली होती. डावा डोळा तिने फळीला जवळजवळ टेकवला आणि चेहऱ्यावरून हळूहळू नेला, मशीनखालून कापड न्यावं तसा.

"धाकट्या," ती म्हणाली. "हिचा दात."

"हो, ताई."

"हा परगावी होता ना?"

पेंटरने कुंचा गडूत परत ठेवला. मग म्हणाला, "नव्हता. कुठेच लागला नव्हता. फळी नव्हती माझ्याकडे. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

ताई तशीच उभी राहिली. आभाळ वाळत गेलं. आधी बोट गेलं, मग खांदा, सगळ्यात शेवटी हसू. ते पूर्ण जाईपर्यंत ती हलली नाही.

"एकतीसची होते मी," ती म्हणाली. "बरी दिसत होते की रे." मग त्याच्या दंडाला धरून ती वळली. "दोघांनीही फसवलंत मला. त्याने दोन महिने, तू अडतीस वर्षं. तुला मी घरी गेल्यावर बघते."

घरी गेल्यावर तिने थेंबांची बाटली स्वतःच पुढे केली आणि मान वर केली. त्यानंतर तीन दिवस भावाशी बोलली नाही. फक्त ठरल्या वेळी मान वर करायची.

अत्तरबाबा त्या शहरात पुन्हा दिसले नाहीत. दुसऱ्या कुठल्या शहरात दिसत असतील. वखारीला कुलूप लागलं. काही लोक अजून म्हणतात, चित्र खरंच होतं, पेंटरने त्याच्यावर काहीतरी ओतून ते बिघडवलं. पेंटर त्यांच्याशी वाद घालत नाही. किटलीची फळी तेवढी त्याने दाराशी टांगून ठेवली आहे. कोणी विचारलं तर बाटली आणि कुंचा त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "तुम्हीच करून बघा."

पुढच्या महिन्यात तो ताईला घेऊन दवाखान्यात गेला तेव्हा बाकावर वखारीतल्या ओळखीच्या दोन बाया बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर आईच्या पाण्याची बाटली होती, अर्धी भरलेली. फेकायला तिचा हात धजत नव्हता.

"काही म्हणा, ताई," ती हळूच म्हणाली, "घातलं की थंड वाटायचं. बरं वाटायचं."

"मलाही वाटायचं," ताई म्हणाली. ती बोलणाऱ्या बाईकडे वळली, पण बाई तिच्या उजवीकडे बसली होती, म्हणून पूर्ण मान फिरवावी लागली. "बरं वाटत होतं, आणि डोळा जात होता. दोन्ही एकाच वेळी. म्हणून सांगते, नुसत्या वाटण्यावर जाऊ नका. तपासून घ्या."

आतून डॉक्टरीणबाईंनी हाक मारली. ती बाई उठली, बाटली कोपऱ्यातल्या बादलीत रिकामी केली आणि आत गेली.